नवव्या पायरीवरची उशी

चर्चच्या मनोऱ्यात बहात्तर पायऱ्या होत्या. त्या चढायला धाकट्याला दर आठवड्याला सात मिनिटे लागत. उतरायला मात्र तीन वर्षे लागली.

धाकटा म्हणजे चौकातल्या घड्याळांच्या दुकानाचा कारागीर. वय चोपन्न, डोक्यावर केस मोजके. तरीही साऱ्या बाजारपेठेचा तो धाकटाच, कारण त्याच्या वर ताई होत्या. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि ताई नुकत्याच विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या. त्यांनी आधी डोळे पुसले, मग वडिलांचे भिंग पुसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या बाकावर जाऊन बसल्या. भावाला त्यांनी त्याच बाकावर लहानाचा मोठा केला, त्याच बाकावर हुन्नर शिकवला, आणि वडिलांचा नियमही त्याला तिथेच सांगितला.

"लोकांच्या घरी जाशील तेव्हा घड्याळ बघायचं, घर बघायचं नाही. या बाकावरचा माणूस सगळ्या चौकाचा असतो. तो कुणाच्या बाजूचा नसतो."

मनोऱ्याचे घड्याळ वडिलांच्या वेळेपासून या दुकानाकडे होते. आठवड्यातून एकदा वर जायचे, मूठ फिरवून जड वजने वर ओढायची, तेल बघायचे आणि परत यायचे. धाकटा वर्षानुवर्षे शनिवारी जाई. एकदा तापामुळे शनिवार चुकला, म्हणून तो रविवारी गेला. वजनांच्या दोरांसाठी लाकडी जमिनीत भोके पाडलेली होती. त्या भोकांतून खालच्या उपासनेचे गाणे वर आले. गाण्याचे त्याला फारसे कौतुक वाटले नाही; पण गाणे संपल्यावर जी शांतता झाली तिने त्याला धरून ठेवले. दोनशे माणसे एकाच वेळी गप्प बसली होती, आणि त्या गप्प बसण्यात कुणाची तरी वाट पाहणे होते.

पुढच्या आठवड्यापासून तो रविवारीच जाऊ लागला. "रविवारी दार उघडं असतं, झाडणाऱ्या मावशींना किल्लीसाठी उठवावं लागत नाही," असे त्याने ताईंना सांगितले. ताईंना कारण पटले.

शब्द नीट ऐकू यावेत म्हणून तो आधी तीन पायऱ्या खाली बसला. मग बारा. वर्षभराने तो जिन्याच्या मधल्या खिडकीशी आला. ख्रिस्ताविषयी जे वाचले जाई ते तो घरी नेई आणि यंत्र उघडावे तसे उघडून पाही. त्याला त्यात लबाडी सापडली नाही. उलट आपल्यातलीच सापडू लागली, आणि आश्चर्य असे की ती सापडत असताना त्याला पळून जावेसे वाटले नाही. दुसऱ्या वर्षी तो बाकावर बसल्या बसल्या प्रार्थना करू लागला. घड्याळ दुरुस्त करणारा एका डोळ्याला भिंग लावतो आणि दुसरा मिटतो. तो मिटलेला डोळा कशासाठी मिटला आहे, हे कोण विचारणार?

तिसऱ्या वर्षी तो खालून नवव्या पायरीवर पोचला. त्याखाली एक वळण आणि एक बंद दार. एका रविवारी त्या पायरीवर एक जुनी, स्वच्छ उशी ठेवलेली होती. मावशी जिना झाडीत; धुळीतली बसण्याची खूण दर काही महिन्यांनी खाली सरकते आहे, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार! त्या त्याला चौकात भेटत, "बरं आहे ना?" म्हणत, आणि उशीविषयी चकार शब्द काढीत नसत.

विश्वास बसला होता. राहिले होते ते उघड बोलणे, आणि बोलायचे होते ताईंशी. ज्या बाईने आपले आयुष्य मोडून त्याचे उभे केले, तिच्यासमोर "मी आता एका बाजूचा आहे" असे म्हणायचे म्हणजे बाकावरून उठण्याची तयारी ठेवायची. ती तयारी त्याची नव्हती. त्या बाकाखेरीज त्याला दुसरे घर नव्हते.

अडचण होती दहाच्या ठोक्यांची. वाचन ऐन रंगात यावे आणि वर घंटा सुरू व्हावी. तो जिना म्हणजे नुसती नळीच. दहावा ठोका पडून गेल्यावरही मिनिटभर कानात घंटाच घुमे. जे वाचले गेले ते गेले. एका रविवारी असे वाचन झाले की गुरूला पकडून नेले आहे आणि बाहेर शेकोटीशी बसलेला त्याचा जिवलग शिष्य, "मी त्या माणसाला ओळखत नाही," असे सांगतो आहे. धाकट्याला त्या रात्री जेवण गेले नाही. पुढच्या रविवारी त्या शिष्याचे पुढे काय झाले ते वाचणार होते. धाकट्याने वर जाऊन चावी दिली, खिशातला पिवळा फडका काढला आणि ठोक्यांची हातोडी मागे ओढून त्याने बांधून टाकली. चक्र फिरले, हातोडी हलली नाही. दहा वाजले ते मुक्यानेच. धाकट्याने नवव्या पायरीवर बसून अक्षर न् अक्षर ऐकले: समुद्रकाठी, सकाळी, मरणातून उठलेल्या गुरूने त्या शिष्याला जाब विचारला नाही, विचारले ते एवढेच, की तुझे माझ्यावर प्रेम आहे का. धाकटा दोन्ही डोळे मिटून रडला. मग वर जाऊन त्याने फडका सोडला.

तो दुकानी आला तेव्हा ताई दारातच उभ्या होत्या.

"दहा कुठे गेले?"

"कुठले दहा?"

"वाजायचे होते ते. मी भिंतीवरच्या घड्याळाशी उभी होते, दर रविवारी असते तशी. पाववाला येऊन दात काढून गेला, ताई, तुमच्या घड्याळाची वाचा बसली म्हणे."

धाकट्याच्या तोंडून भलतेच निघाले. "ठोक्यांच्या चक्राचा एक दात झिजलाय. अडकला असेल."

"आणि अकराला बरा झाला?"

"कधी कधी होतं तसं."

"दाताचं तसं होत नाही, धाकट्या. माझे बत्तीस गेले, एकही परत आला नाही." ताईंनी चष्मा वर केला. "बाबांनी स्वतः कापलेलं चक्र आहे ते. मी बघणार. पुढच्या रविवारी येते तुझ्याबरोबर."

"ताई, बहात्तर पायऱ्या आहेत!"

"मी एकाहत्तर वर्षं चढलेय. एकच तर जास्त."

घड्याळाविषयीचे खोटे घड्याळवालीला सांगण्याची चूक जगात दुसऱ्या कुणी केली नसती. गुरुवारी दुपारी तो खिशात कानस घालून मनोऱ्यावर गेला. एक दात थोडा घासला की झाले. खोटे खरे होईल, ताई बघतील, हळहळतील आणि विषय मिटेल. त्याने कानस दातावर टेकवली. त्या पितळेवर वडिलांच्या हाताचे बारीक ओरखडे अजून दिसत होते. मोडलेली घड्याळे सुधारण्यात आयुष्य घालवलेला माणूस एक चांगले घड्याळ मोडायला निघाला होता, आणि तेही कशासाठी, तर आपण खाली बसून काय ऐकतो हे कुणाला कळू नये म्हणून! त्याने कानस खिशात घातली आणि तो तडक खाली उतरला. पण घरी येऊन तो ताईंशी काहीच बोलला नाही.

रविवारी ताई निघाल्या त्या वडिलांचे भिंग पदरात बांधून. मनोऱ्याच्या मागच्या दाराने दोघे आत शिरले. एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर, अशा त्या चढू लागल्या. नवव्या पायरीवर थांबल्या.

"ही उशी कुणाची?"

"मावशींची असेल."

"मावशी जिन्यात उशी घेऊन बसतात?"

"मला काय माहीत. मी आपला चावी द्यायला येतो."

हे बोलताच त्याला ती शेकोटी आणि तो शिष्य आठवला. पुढे चढताना ताईंची नजर पायरीपायरीवर होती.

वर पोचल्यावर त्यांनी पाणी मागितले नाही, बसायलाही मागितले नाही. भिंग डोळ्याला लावले आणि चक्र तपासायला घेतले. एक दात, दुसरा, तिसरा. चोवीस दात त्यांनी बोटाने चाचपले. मग हातोडीकडे वळल्या. तिच्या दांड्याला, जिथे लोखंड थोडे खडबडीत होते तिथे, काहीतरी अडकले होते. ताईंनी ते चिमटीत धरले आणि खिडकीच्या उजेडात नेले. निळा दोरा होता.

दुकानातले सगळे पिवळे फडके ताई स्वतः शिवीत, आणि काठाला निळ्या दोऱ्याची टीप घालीत, चाळीस वर्षे.

"ही टीप माझ्या हातची आहे," त्या म्हणाल्या. "हातोडी कुणी बांधली?"

खाली गाणे संपले. ती शांतता दोरांच्या भोकांतून वर आली. धाकट्याने ती छातीत भरून घेतली.

"मी बांधली. दात शाबूत आहे. मी खोटं बोललो. मला खालचं वाचन ऐकायचं होतं. ताई, मी तीन वर्षं इथे चावी द्यायला येत नाही. येतो, पण त्यासाठी येत नाही. माझा ख्रिस्तावर विश्वास बसलाय. ती उशी माझी आहे."

ताईंनी भिंग काढले.

"हे मला माहीत नव्हतं असं वाटतं तुला? तू बाकावर बसून दुसरा डोळा मिटतोस तेव्हा तुझे ओठ हलतात. बाबांचे नाही कधी हलले."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलायची वाट बघत होते. विश्वास तुझा, बोलणार मी?" ताईंचा आवाज चढला. "मला ते पटलेलं नाही. पटेल असं धरून चालू नकोस. पण त्याचा राग नाही मला. राग कशाचा आहे सांगू? बाबांच्या घड्याळावर आळ घेतलास! चांगल्या दाताला झिजका म्हणालास! ज्याच्यावर विश्वास ठेवतोस त्याने शिकवलं हे?"

"नाही."

"मग? जिन्यात बसून ऐकतोस, चोरासारखा. ऐकायचं तर खाली जाऊन बस की! दहाला चार मिनिटं आहेत. आणि एक सांगते, आज हातोडी बांधायची नाही. दहाच्या दहा पडतील."

"ठोक्यांत वाचन बुडतं, ताई."

"बुडू दे. उतर."

धाकटा उतरला. पहिला ठोका पडला तेव्हा तो मधल्या खिडकीशी होता. पाचव्याला त्याने उशी ओलांडली. सातव्याला दारावर हात ठेवला. त्या दाराच्या बिजागऱ्यांना कित्येक वर्षांत तेल मिळाले नव्हते. ते असे किंचाळले की दोनशे माना वळल्या.

आणि त्याने पाहिले. वाचणाऱ्या बाईंनी पुस्तकात बोट घालून ते मिटले होते. उपासना चालवणारे पाळक हात बांधून उभे होते. सारी मंडळी शांत बसून ठोके संपण्याची वाट पाहत होती, जशी ती दर रविवारी पाहत असणार. खाली बसलेल्या कुणाचा एक शब्दही कधी बुडाला नव्हता. बुडत होता तो जिन्यात बसणाऱ्याचा.

दहावा ठोका विरला.

"घड्याळात काही बिघाड?" पाळकांनी विचारले. "गेल्या रविवारी वाजलं नाही."

निसटायला वाट अगदी रुंद होती. 'हो, जरा तेल द्यायचंय' म्हणून पलीकडच्या दाराने बाहेर पडता आले असते.

"घड्याळ उत्तम आहे," धाकटा म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्याहून खणखणीत निघाला. "गेल्या रविवारी मीच हातोडी बांधली होती. माफ करा. माझा ख्रिस्तावर विश्वास आहे. तीन वर्षं मी तो जिन्यात बसवून ठेवला. आता मला इथे बसायचंय, आणि बाप्तिस्माही घ्यायचाय."

तिसऱ्या रांगेत मावशी शेजारणीला कोपराने सारून जागा करू लागल्या होत्या. पाळक हसले. "बसा. वाचन संपायचंय अजून."

तो बसतो न बसतो तोच दार पुन्हा किंचाळले. एक हात कठड्याच्या सवयीने भिंतीवर, काखेत उशी, अशा ताई आत आल्या. धापा टाकीत होत्या, पण मान ताठ. मधल्या वाटेने चालत त्या तिसऱ्या रांगेशी आल्या आणि सगळ्यांदेखत उशी त्याच्या मांडीवर ठेवली.

"ही विसरलास. बाकं लाकडी आहेत इथली."

"ताई, बस ना थोडा वेळ."

"दुकान कोण बघेल?" मग आवाज किंचित खाली आणून, पण तिसऱ्या रांगेला पुरेपूर ऐकू जाईल इतपतच खाली आणून, त्या म्हणाल्या, "दुपारी येऊन त्या दाराला तेल घाल. लाज आणली त्याने. आणि उद्या बाकावर वेळेवर ये. पाळकांचं स्वतःचं घड्याळ पंधरा दिवस पडून आहे."

त्या मोठ्या दाराने चौकात उतरल्या. धाकट्याने उशी शेजारी मावशींना दिली. बाईंनी पुस्तक उघडले, बोट ठेवलेली ओळ शोधली आणि पुढे वाचायला सुरुवात केली.