नागभीडच्या गाडीतलं बीज

लटारू ढिवर खरं बोलला तर तलावाचं पाणी चढावर वाहील, असं त्याच्या गावात लहान पोट्टेही म्हणत. वैनगंगेचा पूर आपण मरळ माशाच्या पाठीवर बसून ओलांडला, हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता आणि दर सांगण्याला मरळ हातभर वाढत होती. पण आज चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याला एकच खरी गोष्ट सांगायची होती, आणि ऐकणारी होती त्याची बायको सुगंधाबाई.

सकाळी त्यांच्या लेकीला, दिव्यानीला, मुलगी झाली. नाळेचा फास मानेला बसलेला. पोर रडली नाही. डॉक्टरांनी श्वास आणला, पण आता तिला उघड्या अंगाने गार गादीवर ठेवलं होतं. सुगंधाबाईच्या घरात नवं बाळ ओव्याच्या धुरीवर शेकल्याशिवाय आईच्या कुशीत जात नाही. तिने खालच्या चहावाल्याच्या शेगडीवर ओव्याची पुरचुंडी तापवली, पदराआड आणली आणि बाळाच्या पाठीखाली सरकवणार तोच नर्सने मनगट धरलं.

डॉक्टर दामिनीबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, आपला मेंदू स्वतःच एक वायू बनवतो, नायट्रिक ऑक्साईड. बेताचा असला की रक्ताच्या नळ्या मोकळ्या ठेवतो. पण गुदमरलेल्या जिवाला पुन्हा श्वास मिळाला की तोच भलता वाढतो आणि मेंदू पोळतो. अंग गार ठेवलं की तो आवरतो. तीन दिवस ठेवू, मग हळूहळू ऊब देऊ."

"गार पडलेल्या पोट्टीले आणखी गार?" सुगंधाबाई कडाडली. "मी नेतो हिले घरी. पियुष, गाडी पाहा!"

जावई पियुष उठलाही. सासूचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

"थांब," लटारू म्हणाला. "सुगंधा, आपली नागभीडची गाडी आठवते का तुले?"

"झाले सुरू! इथी लेकीचं लेकरू मराले टेकलं न् याईले गोष्टी सुचून राह्यल्या!"

"ही थाप नाई व. तूच होती माह्या बाजूले."

सुगंधाबाईला आठवलं. होती ती. नवी नवरी. नागपूरहून नागभीडला येणारी ती छोटी गाडी इतकी संथ, की खाली उतरून जांभळं वेचावीत आणि पुन्हा त्याच डब्यात चढावं. लटारूच्या पायाशी मासोळीच्या बिजाची दोन मडकी होती, केसाएवढी पिल्लं. त्यांना हवा मिळावी म्हणून वाटभर हाताने पाणी थपथपत राहायचं. पावसाने दडी मारलेली, ऊन भाजत होतं, आणि गाडी रानात बंद पडली. पिल्लं वर येऊन तोंडं वासू लागली.

"तू काय केलं तवा?" लटारूने विचारलं.

"लग्नातलं पातळ," ती हळूच म्हणाली. "इंजनाच्या टाकीतल्या गार पाण्यात भिजवलं न् मडक्याले गुंडाळलं."

"एकाच मडक्याले. दुसऱ्याले मी हात लावू देल्लो नाई. म्हटलं, बीज हाय, ऊब पायजे."

"ते सारं बीज उलथून मेलं." तिने डोळे मिटले. चुडा भरलेला तिचा हात त्या गार पाण्यात, आणि बोटांना गुदगुल्या करणारी जिवंत पिल्लं. "माह्या मडक्यातली निजल्यावाणी झाली होती. पण जिती होती. वर्षभर खाल्ले आपण ते रोहू."

"मंग?"

तिने पुरचुंडी जावयाच्या हातात कोंबली. "हे फेका, जवाईबापू. न् बसा खाली." मग डॉक्टरांकडे वळली. "बाई, हात तं लावू देसान?"

साबणाने हात धुऊन तिने एक बोट बाळाच्या तळव्याला टेकवलं. तळवा नदीतल्या गोट्यासारखा थंड. साऱ्या जन्माची सवय होती, चोळावं, फुंकर घालावी. तिने बोट नुसतं ठेवलं.

तिसऱ्या दिवसानंतर ऊब थोडी थोडी वाढवत नेली. तळवा कोमट झाला, आणि बाळाने पाय झटकून असं भोकाड पसरलं की नर्स हसली. डोक्याच्या तपासण्या पुढेही करत राहाव्या लागतील, डॉक्टरांनी बजावलं. सुगंधाबाईने मान हलवली, पण कान रडण्याकडेच होते.

"आजीवर गेली," लटारू डोळे पुसत म्हणाला. "तोंड उशिरा उघडलं, पण एकदा सुटली का कोणाचं आयकत नाई."