दुसऱ्या खेपेचा प्रश्न

मी एक जुना मॉनिटर आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर माणसांना पार कंटाळलेला. प्रसूतिगृहात आईच्या पोटावर दोन पट्टे बांधतात ना, त्यांच्या दुसऱ्या टोकाला मी असतो. एका पट्ट्यातून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकतो, दुसऱ्यातून पोट किती आवळतंय ते जोखतो, आणि दोन्हींच्या रेषा कागदावर उमटवत राहतो. कारखान्यात मला ऐकायला शिकवलं, बोलायला नाही. तिथेच सगळा घोळ झाला.

नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक होतं. डॉक्टरीणबाई पाहुण्यांना आवर्जून दाखवायच्या. आता माझं एक बटण चिकटपट्टीने धरून ठेवलंय, आणि कागद अडकला की नर्सबाई मला थापट्या मारतात. तेही मी सोसतो. पण चष्मेवालीच्या घरच्यांनी मला जसं पिडलं, तसं कोणीच पिडलं नाही.

चष्मेवाली म्हणजे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी बाई. ‘ही काच बरी की ती?’ असं ती दिवसभर गिऱ्हाइकांना शांतपणे विचारायची. तिची थोरली मुलगी पायाळू होती, म्हणून पहिल्या खेपेला ऑपरेशन करावं लागलं होतं. आता दुसरी खेप. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. जुना टाका चांगला भरलाय, बऱ्याच जणींचं दुसरं बाळंतपण आपोआप होतं. क्वचित कळांच्या जोराने तो टाका उसवू शकतो, मग मात्र धावपळ करावी लागते. ऑपरेशनही काही खेळ नव्हे, आणि प्रत्येक वेळी ते थोडं अवघड होत जातं. विचार करा आणि सांगा, असं त्या म्हणाल्या.

विचार सगळ्यांनी केला. सासूबाईंचं म्हणणं, एकदा पोट कापलंय तर आता उगाच धाडस कशाला, दिवस ठरवून मोकळं व्हावं. थोरल्या बहिणीची दोन्ही बाळंतपणं ऑपरेशनशिवाय झालेली, त्यामुळे ती पदक जिंकल्यासारखी बोलायची. कळा सोसल्याशिवाय आई झाल्यासारखं वाटत नाही म्हणे! आणि नवरा ‘तू म्हणशील तसं’ म्हणायचा, की लगेच ‘पण आई म्हणते त्यातही तथ्य आहे’ हे जोडायचा.

एकदा ती माझ्या पट्ट्यांत आडवी पडली होती. आत बाळाचे ठोके घोड्याच्या टापांसारखे चालू होते. खाटेभोवती हे तिघे भांडत होते. सासूबाई नर्सला म्हणाल्या, “याचा आवाज जरा कमी करा हो, बोलणं ऐकू येत नाही.”

मित्रांनो, मला हात असता तर मी कपाळाला लावला असता.

डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही बाहेर काढलं, दार लावलं आणि स्टूल ओढून बसल्या. “आता सांगा. तुम्हाला काय हवंय?”

ती छताकडे बघत म्हणाली, “मला दोन्हीची भीती वाटते. पण मागच्या वेळी मुलगी रडायची आणि मला तिला उचलता यायचं नाही. तसं पुन्हा नको. मला प्रयत्न करून बघायचाय. बाळ दमायला लागलं तर मात्र मी हट्ट करणार नाही. फक्त सांगायचं ते मला सांगा, बाहेर जाऊन त्यांना नको.”

डॉक्टरीणबाईंनी ते मान्य केलं.

कळा सुरू झाल्या तशी ती माझ्या शेजारी उभी राहून, खाटेचा कठडा धरून हेलकावे घेत होती. सगळं छान चाललं होतं. मग प्रगती थांबली. प्रत्येक कळेनंतर माझी रेषा खाली घसरायची आणि वर यायला वेळ लावायची. मी शिट्टी वाजवली. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि तिला सांगितलं, “बाळ दमतंय. अजून थोडं थांबता येईल, पण मला थांबावंसं वाटत नाही.”

दारातून नवरा म्हणाला, “आई म्हणतच होती...”

“अहो, गप्प बसा,” ती म्हणाली. पुढची कळ तिने डोळे मिटून जाऊ दिली. मग डॉक्टरीणबाईंचा हात धरला. “करा ऑपरेशन. मी सांगतेय.”

तिला मुलगा झाला. ठणठणीत, आणि आवाज असा की माझी शिट्टी लाजेल.

दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारच्या खाटेसाठी मला वॉर्डात नेलं, तर तिथे तिघेही हजर. सासूबाईंना आधीच ठाऊक होतं. बहिणीच्या मते अजून थोडं सोसायला हवं होतं. नवरा म्हणत होता की तो पहिल्यापासून तिच्याच बाजूने होता.

“शेवटी व्हायचं तेच झालं,” बहीण म्हणाली. “एवढे हाल फुकट गेले बघ.”

बाळाला पाजता पाजता तिने वर पाहिलं. “फुकट नाही गेले, ताई. पहिल्या वेळी काय ठरलं ते मला शुद्धीवर आल्यावर कळलं. या वेळी मी ठरवलं.”

सासूबाईंनी उठून तिच्या पाठीशी उशी नीट लावली. मला वाटलं, चला, सुटलो. तेवढ्यात नवऱ्याने बाळाच्या नावाचा विषय काढला, आणि तिघेही एकदम बोलायला लागले.

मित्रांनो, मला पुसा किंवा नका पुसू, माझं काही अडत नाही. पण उद्या तुमच्या घरात कोणाला बाळ होणार असेल, तर आधी तिला विचारा. आणि विचारल्यावर, कृपा करून, तिचं उत्तर संपेपर्यंत थांबा.