राखेने घासलेली प्रवरा

मित्रांनो, गहिनीनाथच्या भिंतीवरचा हा कोरा पत्रा म्हणजे मी. पूर्वी मी चित्र होतो.

मुंबईच्या एका कारखान्यात मला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापले. मूळ चित्र कुणा मोठ्या चित्रकाराचे, मी त्याची नक्कल. माझ्यात माणूस नव्हता की देव नव्हता. आडवे निळे पट्टे होते, आणि कोपऱ्यात एक पिवळा ठिपका.

१९९४ साली नगरच्या प्रदर्शनात कोल्हारची चांगुणा हंडा घ्यायला आली आणि मला घेऊन निघाली. एसटीत तिचा नवरा गहिनीनाथ म्हणाला, "भर आता याच्यात पानी."

"भरल्यालंच हाय. आपली प्रवरा हाय ही. ह्यो ठिपका म्हंजी मी."

"आन् मी?"

"तुमी बी हायेत की. दाखवीन सवडीनं."

घरी ती मला कोरड्या पदराने पुसायची. पाणी कधी लावले नाही. जेवताना तो विचारायचा, "मी सापडलो का गं?" ती हसून भाकरी वाढायची. सवड काही झाली नाही. चार वर्षांनी साध्या तापाचे निमित्त झाले आणि चांगुणा गेली.

मग गहिनीनाथ रोज माझ्यासमोर बसू लागला. पट्ट्यांवरून बोट फिरवायचा. तिने आपल्याला कुठे पाहिले होते, एवढेच त्याला हवे होते.

दहाव्याला तो नदीवर गेला. सुतक फिटायचे म्हणून शेजारच्या बायकांनी घर सारवले, भांडी घासायला काढली. धातूचा म्हणून त्यांतल्या मुक्ताबाईने मलाही भांड्यांत घेतले. राख आणि काथ्याने मन लावून घासले. निळा रंग मोरीतून वाहून गेला. पिवळाही गेला.

डोके भादरून तो परत आला.

"भावजी, लई मळला हुता. बगा कसा लख्ख निघाला."

त्याने माझ्यावरून एकदा बोट फिरवले. "लई कष्ट घेतलं, वैनी," म्हणाला आणि मला पुन्हा खिळ्याला अडकवले.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू घासण्याआधी एकदा विचारा. आणि आपले माणूस 'सवडीनं दाखवीन' म्हणाले, तर जेवून हात धुवायच्या आत त्याला भिंतीपाशी न्या.

गहिनीनाथ अजून समोर बसतो. सकाळचे ऊन आले की घासलेल्या पत्र्यात त्याचेच तोंड धूसर उमटते. तो सापडला, पण शेजारी ठिपका नाही.