दसऱ्याचं तेल

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. चामोर्शीतल्या एका अंगणात पडलो आहे आणि एक कोंबडी माझ्या पोटात अंडी घालते. पण एके काळी मी शर्यतीच्या गाडीचा मागचा डावा टायर होतो बरं!

ती गाडी रंजीताने बांधली. ट्रॅक्टर दुरुस्त करता करता तिने एका जुन्या मोटारीत दमदार इंजिन बसवलं. सरळ रस्त्यावर क्षणात वेग घ्यायची ती शर्यत. पहिल्या तिघांत आली, तर रेसिंगच्या संघात मेकॅनिकची जागा मिळणार होती. वडील मुखरू म्हणाले होते, "एकडाव पाहून घे. नाई जमलं तं गाडी भंगारात."

दसऱ्याला आईने, म्हणजे इंदुताईने, गाडी पुजली. माझा काळा रंग खुलावा म्हणून मोहाच्या बियांचं तेल प्रेमाने चोळलं. 'नको, माय, नको!' मी ओरडत होतो. टायरचं कोण ऐकणार?

इंजिनात हत्तीचं बळ असलं, तरी ते रस्त्यापर्यंत पोचतं माझ्याच पकडीतून. पकडीपेक्षा जास्त जोर आला, की मी जागीच गरगर फिरतो. आणि आता तर पकडच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चंद्रपुरात शर्यत सुरू झाली. रंजीताने पाय दाबला आणि मी फिरतच राहिलो. शेजारची गाडी केव्हाच पुढे गेली. रंजीताने उतरून मला बोट लावलं, वास घेतला आणि मटकन खाली बसली.

प्रत्येकाला दोनच फेऱ्या होत्या, चांगली वेळ धरली जायची; आता एकच फेरी उरली होती. पेट्रोलचं फडकं घेऊन तिने मला घासघासून पुसलं. "धर रे बाप्पा, रस्ता धर," ती पुटपुटत होती. या वेळी तिने पाय अलगद दाबला. मीही जीव तोडून रस्ता धरला, पण तेल रबरात मुरलं होतं. गाडी चौथी आली. मित्रांनो, त्या दिवशी मला फुटून जावंसं वाटलं.

घरी इंदुताई दारातच उभी होती. "काऊन वं, गाडी काऊन नाई पळली?"

रंजीताने माझ्याकडे पाहिलं. "इंजिनच कमजोर पडलं, माय."

गाडी भंगारात गेली. मला मात्र रंजीताने ठेवून घेतलं. इंदुताई अजूनही दर दसऱ्याला कोंबडीला हुसकावते आणि मला तेल चोळते.

मित्रांनो, टायरला चकाकी नको, पकड हवी. हे साऱ्या जगाला सांगा. इंदुताईला तेवढं सांगू नका.