वाफेवर ढकललेलं छत

वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची मुख्य आचारीण सगळ्यांचीच आक्का होती. जुन्या छताचे पोपडे पातेल्यात पडायला लागले, तेव्हा त्याखाली नवं छत करून घ्यायचं ठरलं. आक्कानं धाकट्या भावाचं नाव सुचवलं. तो हीच कामं करायचा. "माझा भाऊ आहे, काम चोखच करणार," असं तिनं व्यवस्थापकांना छातीठोकपणे सांगितलं. टाइल्स कॅल्शियम सिलिकेटच्या ठरल्या. त्या ओलाव्यानं मऊ पडत नाहीत, हे भावानंच सगळ्यांना समजावलं होतं.

छत लागलं, पांढरंशुभ्र दिसलं. काही महिन्यांतच चुलीवरच्या टाइल्सना पोट सुटलं. मग एका सकाळी भाजी चिरत बसलेल्या बुटकीच्या, म्हणजे आक्काच्या हाताखालच्या पोरीच्या, खांद्यावर एक अख्खी टाइल कोसळली. हाड वाचलं, पण हात वर उचलेना.

व्यवस्थापक धावत आले, भावालाही बोलावणं गेलं. तो वर बघत म्हणाला, "साहेब, इथं वाफ फार होते. या बायका झाकणं न ठेवता शिजवतात. छत तरी काय करणार?"

व्यवस्थापकांनी मान डोलावली. "आक्का, यापुढे झाकणं ठेवत जा."

आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "स्वयंपाकघरात वाफ नाही होणार तर काय बर्फ पडणार?"

तिनं खाली पडलेला तुकडा उचलून अंगठ्यानं दाबला. अंगठा आत रुतला, वरचा कागद सालीसारखा सुटून आला. तिनं भावाकडे पाहिलं. त्यानं तिला घाईघाईनं कोठीत नेलं.

"ताई, हळू बोल. त्या टाइल्स यायला वेळ लागत होता, माझं पुढचं काम अडलं होतं. म्हणून या साध्या जिप्समच्या लावल्या. रंग दिल्यावर कुणाला कळतंय? साहेबांना वाफेचं पटलंय. तू फक्त गप्प बस."

"आणि बुटकी?"

"थोडक्यात निभावलं ना तिचं."

हे मात्र आक्काला सोसवलं नाही. ती तडक बाहेर आली. "साहेब, ठरल्या होत्या त्या टाइल्स या नव्हेतच. साध्या जिप्समच्या आहेत. हमी मी दिली होती, म्हणून मीच सांगते. हे सगळं छत उतरेपर्यंत मी इथं चूल पेटवणार नाही."

भावाचा चेहरा पडला. "सख्ख्या भावाला चारचौघांत उघडं पाडतेस?"

"टाइल तिच्या डोक्यात पडली असती तर तिच्या आईला काय सांगायचं होतं मी? वाफ जास्त झाली म्हणून?"

व्यवस्थापकांनी स्वयंपाक मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवला. भावाला छत उतरवावं लागलं, या खेपेला ठरलेल्याच टाइल्स लावाव्या लागल्या. तो तिथं कामावर असेपर्यंत आक्का त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. साधा चहासुद्धा विचारला नाही.

काम संपलं त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "त्याचा अपमान केलास म्हणे."

आक्कानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तरी भाऊ आहे गं तुझा."

"तो आहेच. पण बुटकीसुद्धा कुणाची तरी मुलगी आहे, आई," आक्का म्हणाली. तिनं फोन ठेवला. मग तिनं रबरी पिशवीत गरम पाणी भरलं आणि बुटकीचा खांदा शेकायला गेली.