पहिल्या भागातली शालन

कुरवंड्याच्या त्या बंगल्यात स्वयंपाकाला जाणाऱ्या शालनचं सोमवारी मौन असे. सकाळी देवापुढं हात जोडले की संध्याकाळी दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द नाही. मालिकेचा पहिला भाग लिहायला तिथं येऊन राहिलेल्या हर्षदाला हे सोयीचंच होतं. ती लिहायची कसली, बोलायची. पडवीत येरझारा घालत फोनला सांगायची आणि फोन टिपून घ्यायचा. पहिला खर्डा एका दमात व्हावा, मागं वळून बघायचं नाही, हा तिचाही नेमच.

त्या सोमवारी शालन भाकरी थापत होती, तोच पडवीतून आवाज आला, "शालन दाराआड उभी आहे. बाहेरून सून हाक मारते. शालन ऐकते, पण ओ देत नाही. सून निघून जाते."

तव्यावरची भाकरी करपली.

ही गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक होती. सून स्नेहल भांडून कान्हे गावी माहेरी गेलेली. मध्ये एका सोमवारी दुपारी ती दारात आली, 'आत्या' म्हणून हाक मारली, आणि दार उघडेना तशी परत फिरली. शालननं हे मुलाला, तुषारलाही सांगितलं नव्हतं. म्हणजे आत कोण आहे हे स्नेहलनं ओळखलं होतं, आणि तीच बोलली. आणखी कुणाकुणाजवळ बोलली असेल? गुरुवारी तुषार तिला आणायला जायचा होता. हे टीव्हीवर यायचं असेल, तर ती कशाला नांदायला येते!

मग दिवसभर शालनला हर्षदाच्या गोड हसण्यातही खोट दिसू लागली. तिचा फोन वाजला की शालन कान टवकारायची. परवा कामशेतला गेले होते म्हणाली, ती कामशेतला कशाची, पुढं कान्ह्यालाच गेली असणार. आणि विचारायची सोय नाही.

दिवा लागला. नमस्कार करून शालन थेट पडवीत आली.

"ताई, माझ्या सुनंला तुमी कुटं गाठलं?"

हर्षदा गोंधळली. सुनेला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. खर्डा पळवताना नावापाशी अडायचं नसतं, जवळ दिसेल त्याचं नाव ठोकायचं, मागाहून बदलायचं, असं तिनं समजावलं. शालनचा विश्वास बसेना. नाव राहू दे, मग दाराचं कुणी सांगितलं?

"तुम्हीच," हर्षदा म्हणाली. "मी आले त्या सोमवारी स्वयंपाकघराबाहेरून हाका मारत होते. आत तुमच्या बांगड्या वाजत होत्या, पण ओ नाही. मौनाचं मला कुठं माहीत? वाटलं, मी नकोशी झालेय. तेच सासू-सुनेच्या प्रसंगात घातलं."

मग शालननं सगळं सांगितलं. मौन तिनं स्नेहल गेल्यावर धरलं होतं, स्नेहल परत यावी म्हणून. स्नेहलला तरी ते कुठं माहीत होतं?

हे ऐकून हर्षदा हळूच म्हणाली, "पण मावशी, दार उघडायला तोंड कशाला लागतं?"

मौन आता सुटलेलं होतं. शालननं फोन लावला.

"स्नेहल, त्या दिवशी मी आतच हुते. माझं मौन हुतं, तू घरी यावीस म्हनून धरलेलं. पर दार उघडता आलं असतं. मी उघडलं न्हाई."

"आत्या, हे तुमाला कुनी शिकवलं बोलायला?"

"कुनी न्हाई. गुरुवारी तुषारसंगं मी बी येते. माझ्या तोंडाकडं बघ, नि मग ठरव."