लंकेची फांदी

धोंडिबाने गोरखचिंचेच्या जाडजूड खोडावर हात आपटला आणि थोरल्या बहिणीला सांगितलं, "अक्का, आफ्रिकेत याच्या पोटात जावई कोंडतात. बायकोला नीट नांदवायचं कबूल केलं, तरच बाहेर."

"अन् तू किती वर्षं होतास आत?" रखमाक्काने विचारलं.

कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून धोंडिबा शिरगावहून रोज या बागेत यायचा. झाडं देशोदेशीची, नावं पाट्यांवर होती, गोष्टी धोंडिबाच्या. जालन्याहून आलेल्या अक्काला वाचता येत नव्हतं. रान मोकळं होतं.

कोपऱ्यातल्या कोवळ्या पिंपळापाशी त्याची जीभ सुटलीच.

"हा लंकेचा. संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाची फांदी. विमानातून आली, भन्तेजींच्या मांडीवर बसून."

तो तिच्या हसण्याची वाट बघत राहिला. अक्काने चपला काढल्या. दुखरे गुडघे एकेक करून मातीला टेकवले, हात जोडले आणि हलक्या आवाजात त्रिसरण म्हणू लागली. पलीकडच्या माळ्याने पाण्याचा पाइप खाली टाकला. धोंडिबाने त्याची नजर चुकवली. वालधुनी नाल्याच्या भिंतीतून हे रोप उपटून आणलं, तेव्हा तो आणि माळी दोघेही तिथेच होते.

उठल्याबरोबर अक्काने मुलाला फोन लावला.

"महेंद्र, बोधगयेचं तिकीट रद्द कर बाळा. हे गुडघे घेऊन कुठं जाऊ? इथंच पावलं सगळं."

नवरा गेल्यापासून तिने मुलाकडे तेवढं एकच मागितलं होतं.

"अक्का, थांब! थाप मारली मी. नाल्यातलं झाड आहे गं हे."

अक्का त्याच्याकडे बघून हसली.

"विहिरीत मगर दाखवायचास, ते वेगळं. याच्यावर तू खोटं बोलणार नाहीस. मला गयेला धाडायचं म्हणून आता थापा मारतोस होय?"

"आईची शपथ..."

"शपथ घेऊ नको. जन्मात एकदा खरं बोललास, तेही मागं घेतोस?"

तिने पडलेलं एक पान उचललं, पदराने पुसलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. धोंडिबाला मूठ मिटता येईना. दुसऱ्या हाताने त्याने तिचा चालूच असलेला फोन घेतला.

"महेंद्र, रद्द करू नको. माझंही काढ."

"अरे, दर्शन झालं ना इथं!" अक्का म्हणाली.

"तुझं झालं," धोंडिबा खाली बघत म्हणाला. "माझं व्हायचंय."